सगळं घर का झाडायचं?

गूगलच्या अँग्युलर या वेबपानं बनवण्याच्या चौकटीत 2016पासून एक सोय आहे: बटण दाबलं, टायमर संपला किंवा सर्व्हरचं उत्तर आलं, की पानाचा प्रत्येक घटक वरपासून खालपर्यंत तपासला जातो. लहान पानाला हे परवडतं; पण पडदा सेकंदाला 60 वेळा रंगवायचा तर एका फेरीला जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात, आणि एका क्लिकपायी हजार ओळींचा तक्ता तपासणं ही उधळपट्टीच. म्हणून घटकाला ‘ऑनपुश’ ही तपासणीची पद्धत लावावी, असं माझं ठाम मत आहे. मग नवी माहिती हाती आली किंवा आत काही घडलं, तरच घटक तपासला जातो. आक्षेप असा, की जुन्याच यादीत गुपचूप भर घातली तर पडदा शिळा राहतो. खरं आहे, पण नवी यादी दिली की बदल दिसतो. अँग्युलरमध्ये 2023 साली आलेले ‘सिग्नल’ तर कोणतं मूल्य कुठे वापरलंय, याची नोंदच ठेवतात.