अर्धा मिलीलीटर गुणिले दोनशे कोटी

औषधाचा लहान चमचा असतो ना, पाच मिलीलीटरचा? त्याचा दहावा भाग म्हणजे कोव्हिशील्डचा एक डोस. अर्धा मिलीलीटर! दंडाला मुंगी चावल्यासारखं झालं की संपलं. आता या अर्ध्या मिलीलीटरला २०० कोटींनी गुणा, कारण १७ जुलै २०२२ रोजी भारतात कोविड लशीचे तेवढे डोस देऊन झाले होते. दोनावर नऊ शून्यं. चला, मोजायला घेऊ.

आधी नुसती लस मोजू. प्रत्येकी अर्धा मिलीलीटर धरला तर झाली १० लाख लीटर. शेतातली ३३ फूट रुंद विहीर डोळ्यांसमोर आणा. तिच्यात जेमतेम ४१ फूट भरेल! अख्ख्या देशाच्या दीड वर्षाच्या डोसांना एकच विहीर पुरली.

पण लस उपयोगी पडते हे कळलं कसं? कोव्हॅक्सिनचं उदाहरण घ्या. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं विषाणू वेगळा करून दिला, हैदराबादच्या भारत बायोटेकनं लस बनवली आणि तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीला सुमारे २५,८०० स्वयंसेवक उभे राहिले. खच्चून भरलेल्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये ५,००० माणसं धरली, तर पाच लोकल भरतील एवढे! निम्म्यांना लस, निम्म्यांना लस नसलेली सुई. कोणाला काय मिळालं ते टोचणाऱ्यालाही ठाऊक नाही. मग वाट पाहायची. निकालाच्या हिशेबात १३० जण आजारी पडले, म्हणजे एका डब्यातली गर्दीसुद्धा नाही. त्यांतले १०६ बिनलशीचे आणि लस घेतलेले फक्त २४! या दोन आकड्यांतून निघाली ७७.८ टक्के परिणामकारकता. मला तर सगळ्या कोटींपेक्षा हे २४ आणि १०६ जास्त थक्क करतात. पाच लोकलभर माणसांनी आपला दंड पुढे केला म्हणून हे दोन आकडे देशाला मिळाले.

आता विहीर वाटायची आहे. पुण्यात कोव्हिशील्ड बनवणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कारखान्यातून १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे पहिले तीन ट्रक विमानतळाकडे निघाले. सरकारच्या त्या पहिल्या खरेदीत डोसाचा भाव होता २०० रुपये. पुढे २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात लशीसाठी ३५,००० कोटी रुपये ठेवले गेले. छाती दडपते? देशातल्या माणशी वाटून बघा, २५० रुपये!

दहा डोसांची एक कुपी धरली तर कुप्या झाल्या २० कोटी. पाच-पाच सेंटीमीटरच्या या कुप्या एकीपुढे एक आडव्या ठेवत गेलो, तर रांग १०,००० किलोमीटरची. मुंबई-पुणे ३३ वेळा जाऊन या! आणि ही सगळी रांग २ ते ८ अंशांत गार ठेवायची, चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ वर असतानाही.

कुप्यांचं काय घेऊन बसलात, सिरिंजा बघा. एक डोस, एक सिरिंज, वापरली की टाकली. दहा सेंटीमीटरची एक धरा. २०० कोटी सिरिंजांची माळ २ लाख किलोमीटर लांब! पृथ्वीला पाच वेढे. चंद्राच्या दिशेनं ताणली तर निम्मी वाट ओलांडून पुढे.

आणि हे सगळं किती दिवसांत? मोहीम सुरू झाली त्या १६ जानेवारी २०२१ पासून मोजून ५४८. रात्री न झोपता, जेवायला न थांबता टोचत राहिलो तरी दर सेकंदाला ४२ दंड. ही झाली सरासरी. १७ सप्टेंबर २०२१ या एकाच दिवशी अडीच कोटी डोस दिले गेले. अडीच कोटी माणसं म्हणजे चाचणीच्या वेळच्या त्या पाच लोकलच्या हजारपट. ५,००० लोकल! दिवसभर आणि रात्रभर, दर १७ सेकंदांना एक खच्चून भरलेली लोकल फलाटावर लागते आहे, रिकामी होते आहे, आणि तिच्यातल्या शेवटच्या माणसालाही लस मिळते आहे!

मोहीम ओसरली, पण नर्सताई आणि आशाताईंचं काम चालूच आहे. भारतात वर्षाला अडीच कोटींच्या आसपास बाळं जन्मतात, म्हणजे दर सव्वा सेकंदाला एक. त्यातलं एखादं तुमच्या घरात असेल तर त्याचं लसीकरणाचं कार्ड आजच काढा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. राहिला असेल तर जवळचं सरकारी आरोग्य केंद्र गाठा. तिथे तो मोफत मिळतो.