भरती-ओहोटीची वीज : टाइमटेबल कुणाचं?

अपारंपरिक ऊर्जा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. गच्चीवरचं सोलर पॅनेल आणि साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या. भरती-ओहोटीची वीज सिलॅबसमध्ये असते खरी, पण फायदे-तोटे लिहा, आकृती काढा, आठ मार्क घ्या, एवढ्यापुरतीच! मी यंदा सेमिनारला हाच विषय घेतला आणि फायद्या-तोट्यांच्या त्या यादीत नसलेली एक गोष्ट हाती लागली. ती सांगायची म्हणून हा लेखप्रपंच.

आधी तत्त्व. खाडीच्या तोंडाशी बांध घालायचा, त्यात दरवाजे आणि टर्बाइन बसवायची. भरतीला दरवाजे उघडून पाणी आत घ्यायचं, भरती पूर्ण झाली की बंद करायचे. बाहेर समुद्र उतरत जातो, आत पाणी उंच राहतं. फरक पुरेसा वाढला की ते टर्बाइनमधून बाहेर सोडायचं. गोव्याच्या खाजण शेतीत ‘मानस’ नावाचे लाकडी दरवाजे असतात. भरतीच्या दाबाने ते आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. तिथे हेतू उलटा, खारं पाणी शेतात येऊ नये हा. पण युक्ती तीच, आणि तीही वीज माहीत नसलेल्या काळातली! (लाटांपासूनची वीज हा वेगळा विषय. केरळात विळिंजमला १९९१ साली झालेला प्रयोग लाटांचा होता.)

फ्रान्समधल्या रान्स नदीच्या मुखावर असं केंद्र १९६६ पासून चालू आहे. १० मेगावॅटची २४ यंत्रं, एकूण २४० मेगावॅट. दक्षिण कोरियाचं सिहवा केंद्र २०११ चं, २५४ मेगावॅटचं. म्हणजे ‘हे होऊच शकत नाही’ असं कुणी म्हणू नये.

या विजेचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तिचा भरवसा. ढग आले की सोलर पडतं, वारा पडला की पवनचक्की थांबते. चंद्र मात्र दांडी मारत नाही. माझी रूममेट रेवदंड्याची. तिच्याकडे भरतीची वेळ काढायला कॅलेंडरवरची तिथी पुरते. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे. दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटं, म्हणून रोज वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना शाळेत ‘स्प्रिंग टाइड’ आणि ‘नीप टाइड’ शिकवतात. कोकणात त्यालाच उधाण आणि भांग म्हणतात. उधाण अमावास्या-पौर्णिमेला, भांग अष्टमीच्या सुमारास.

आता माझी गोष्ट. वरचे दोन नियम एकत्र ठेवून बघा. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर मोठी भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्रीच येते. पाणी उतरून टर्बाइन चालू व्हायला दोन-तीन तास धरले, तर जोरदार वीज मिळणार दुपारी तीन ते सात आणि पहाटे तीन ते सात. संध्याकाळी दिवे, टीव्ही, एसी सगळं एकदम सुरू होतं, तेव्हा वीज द्यायची पाळी येते अष्टमीवर, आणि अष्टमीला तर भांग! चांगली पाण्याची वेळ आणि आपल्या गरजेची वेळ इथे कायमची चुकलेली आहे. भरवसा पक्का, पण टाइमटेबल चंद्राचं.

आणि भांगाचं नुकसान दिसतं त्याहून मोठं असतं. साठवलेली ऊर्जा पाण्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. एक चौरस किलोमीटर तळ्यात चार मीटर फरक मिळाला तर एका ओहोटीत कागदावर सुमारे २२ हजार युनिट. फरक दोन मीटरवर आला की साडेपाच हजार! प्रत्यक्षात हाती लागतात त्याहून बरेच कमी. मुंबईला उधाणात चार-पाच मीटर मिळतात, दक्षिणेला गोव्याकडे जावं तसं ते घटत जातं. खंभातच्या आखातात मात्र दहा-अकरा मीटरपर्यंत. दहाचा वर्ग शंभर, चाराचा सोळा. हिशेब तुम्हीच करा. देशाची भरती-ऊर्जेची क्षमता सुमारे १२,४५५ मेगावॅट सांगतात, आणि त्यात खंभात-कच्छचं नाव आधी येतं ते यामुळेच.

आपल्याच तालुक्याशी तुलना करून बघू. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात सुमारे ५०० मीटर उंचीवरून पडतं. एक मेगावॅटसाठी तिथे सेकंदाला साधारण २०० लिटर पाणी लागतं. खाडीत चार मीटरवर तेवढ्याच विजेला लागतं २५ हजार लिटर. म्हणून टर्बाइन अवाढव्य, बांध लांबलचक, त्यात खारं पाणी लोखंड खाणार. सुंदरबनातल्या दुर्गादुआनी खाडीचा ३.७५ मेगावॅटचा प्रकल्प २३८ कोटींवर गेला, म्हणजे मेगावॅटमागे ६३ कोटींहून जास्त. कच्छचा ५० मेगावॅटचा प्रकल्प ७५० कोटींचा होता. दोन्ही सोडून दिले गेले. सोलरला मेगावॅटमागे चार-पाच कोटी पुरतात म्हटल्यावर दुसरं काय होणार?

खाडी ही काही रिकामी जागा नव्हे. जिताडा, बोय खाडी आणि समुद्रात ये-जा करतात. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर बायका कालवं-तिसऱ्या काढतात. बांधाने ओहोटीच अर्धवट केली तर त्यांचा रोजगारही अर्धा. रान्सला बांधकामाच्या वेळी तीन वर्षं खाडी समुद्रापासून तोडली, तेव्हा आतली जीवसृष्टी जवळजवळ संपली. सावरायला दहाएक वर्षं लागली. सिहवाला उलटं झालं. तिथे भिंत १९९४ पासूनच उभी होती, आतलं पाणी घाण झालेलं. केंद्रामुळे पाणी खेळतं झालं आणि सुधारलं. म्हणून माझं मत असं, की भिंत आधीच असेल तर विचार करावा, विजेसाठी नवी घालू नये. मुळशीत राहून हे लिहायला मला संकोच नाही. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, इथल्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. जमीन मुळशीची बुडाली, वीज मुंबईला गेली.

तरी चंद्राच्या टाइमटेबलवर उपाय आहे, आणि तोही भिऱ्यालाच. तिथे १५० मेगावॅटचं पंप्ड स्टोरेज युनिट आहे. नको असलेल्या वेळच्या विजेने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. भिऱ्याहून सुटलेलं पाणी कुंडलिकेतून, कोलाडच्या राफ्टिंगवाल्यांना खूश करत, रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत जातं, जिथे माझी रूममेट तिथी मोजते! ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी अशा आणखी दोन प्रकल्पांचा करार केला. शिरवटा १८०० आणि भिवपुरी १००० मेगावॅट. पहाटेची भरतीची वीजही तिथे साठवता येईल. पण दुपारच्या सोलरची रांग तिच्या पुढे लागलेली आहे, आणि ते तिच्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.