रघुजी भोसल्यांच्या तलवारीचा स्वामित्व-इतिहास : पुरावा आणि अनुमान

प्रस्तावना

नागपूरकर भोसले घराण्याची एक तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात विक्रीस आली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपये खर्चून मिळवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत पोहोचली. ती नागपूरहून लंडनला कशी गेली, या प्रश्नाचे उत्तर मात्र खरेदीने मिळत नाही. उपलब्ध पुराव्यावरून या संदर्भात नेमके काय सिद्ध होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लेखाची साक्ष

तलवारीचे पाते युरोपीय बनावटीचे असून मुठीवर सोन्याचे नक्षीकाम आहे. अशा पात्याला मराठीत ‘फिरंग’ म्हणत. पात्याच्या पाठीवरील देवनागरी लेखात रघुजी भोसले हे नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब येतो. तथापि, या घराण्यात रघुजी नावाचे तीन राजे झाले. पहिल्या रघुजींचा मृत्यू १७५५ मध्ये, दुसऱ्यांचा १८१६ मध्ये, तर तिसऱ्यांचा १८५३ मध्ये झाला. सेनासाहेबसुभा हा किताब सातारच्या छत्रपतींकडून मिळत असे. १८२६ च्या तहान्वये तिसऱ्या रघुजींनी साताऱ्याशी असलेले हे नाते सोडले. म्हणून किताबाचा उल्लेख असलेला लेख त्यापूर्वीचा असण्याचा संभव अधिक आहे. शासनाने तलवार पहिल्या रघुजींची मानली आहे. ते ग्राह्य वाटते; परंतु केवळ नाव व किताब यांच्या आधारे दुसऱ्या रघुजींना वगळता येत नाही.

बाहेर जाण्याचे मार्ग

शस्त्र राजवाड्याबाहेर जाण्याचे तीन मार्ग संभवतात. पहिला, नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतरची लूट. दुसरा, १८५४ मध्ये राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनी केलेली राजसंपत्तीची विक्री. त्या वेळी जडजवाहीर कोलकात्यास लिलावासाठी पाठविण्यात आले होते. तिसरा, दरबारातून इंग्रज अधिकाऱ्यांना दिलेला नजराणा. लूट, विक्री आणि भेट यांचा नैतिक अर्थ एक नाही. त्यामुळे मार्ग निश्चित न करता तलवारीला सरसकट ‘लुटीची’ म्हणणे शास्त्रीय ठरणार नाही.

एक तुलना

येथे युरोपातील एक उदाहरण उद्बोधक आहे. तलवार व लहान ढाल यांचे शिक्षण देणारी ‘आय.३३’ ही लॅटिन पोथी चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातील असून युरोपातील ज्ञात असिविद्याग्रंथांत सर्वांत जुनी मानली जाते. गुंटररोट या लेखकाने १५७९ मध्ये तिचा उल्लेख केला. पुढे ती जर्मनीतील गोथा येथील ड्यूकच्या ग्रंथालयात होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाहीशी झालेली ही पोथी १९५० मध्ये सदबीजच्याच लिलावात प्रकटली आणि रॉयल आर्मरीजने ती विकत घेतली. तिच्या इतिहासातही खंड आहे. परंतु लिखित उल्लेख आणि ग्रंथालयीन नोंद यांमुळे तो काही वर्षांपुरता मर्यादित राहतो. भोसल्यांच्या तलवारीबाबत दोन टोके हाती आहेत, मधल्या नोंदी जोडावयाच्या आहेत.

निष्कर्ष

वस्तूवरील नाव ती कोणासाठी घडली हे सांगते. ती कोणाच्या हातून कोणाकडे गेली हे कागदच सांगतात. भोसल्यांच्या शिलेखान्याच्या मोडी याद्या, १८१७-१८ मधील लुटीच्या वाटपाचे हिशेब, १८५४ नंतरच्या विक्रीच्या याद्या आणि रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार ही शोधाची चार क्षेत्रे होत. मोडी वाचू शकणारे विद्यार्थी तयार करून नागपूरमधील इतिहास विभागांनी हे काम हाती घ्यावे. असे झाले तरच भोसल्यांची पुढील वस्तू लिलावात येईल तेव्हा किमतीऐवजी पुराव्याच्या आधारे तिच्यावर हक्क सांगता येईल.