उरलेल्या औषधाच्या बाटलीवरचा बॅच नंबर वाचा

थंडी पडली की वस्तीत घरोघरी लेकरं खोकायला लागतात. डॉक्टरची फी वाचावी म्हणून मागच्या वेळची उरलेली बाटली फळीवरून खाली काढली जाते, नाहीतर शेजारच्या ताईकडून दोन चमचे औषध मागून आणलं जातं. हे जिवावर बेतू शकतं.

२०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याचं औषध घेतलेली वीसहून अधिक लेकरं किडनी निकामी होऊन दगावली. त्यातली कित्येक उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. तामिळनाडूतल्या सरकारी तपासणीत या औषधाच्या एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. मर्यादा आहे ०.१ टक्का. हे कारखान्यात वापरायचं रसायन चवीला गोड असतं, त्यामुळे लेकरू तोंड वाकडं न करता पिऊन टाकतं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने १४ रुग्ण गेले होते. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच, आणि मेली ती बहुतेक गरिबांचीच लेकरं!

महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तेव्हा या बॅचची विक्री आणि वापर थांबवायला सांगितलं होतं. पण अशी सूचना दुकानापर्यंत पोचते. आपल्या फळीवरच्या बाटलीला ती कोण सांगणार? म्हणून बाटली आपणच बघायची.

औषध परत मागवतात ते बहुधा बॅचनुसार. एकाच नावाची एक बाटली चांगली आणि दुसरी घातक असू शकते. लेबलवर ‘बॅच नं.’ किंवा ‘बी. नं.’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, जवळच बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख असते. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला लावा. मग औषधाचं नाव, कंपनी आणि बॅच नंबर सांगून मेडिकलवाल्याला विचारा, किंवा अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या मोफत नंबरवर फोन करा. लेबल फाटलं असेल, किंवा औषध दुसऱ्या बाटलीत ओतलेलं असेल, तर तपासायला काहीच उरत नाही. ते लेकराला देऊ नका. पक्कं बिल मागून घ्या, त्यावर बॅच नंबर असतो. दुकानदार कुरकुरला तरी मागा, तो आपला हक्क आहे.

बाटली सदोष बॅचची निघाली तर मोरीत ओतू नका. झाकण घट्ट लावून बिलासकट बाजूला ठेवा, तपासणीला तोच पुरावा असतो.

दोन वर्षांखालच्या बाळाला खोकल्याचं सिरप द्यायचंच नाही, असं केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं आहे. पाच वर्षांखालीही सहसा नको. साधा खोकला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. बाळाला अंगावर पाजत राहा, मोठ्याला कोमट पाणी द्या. मध एक वर्षाच्या आत देऊ नका.

औषध दिल्यावर लघवी कमी झाली किंवा थांबली, उलट्या सुरू झाल्या, लेकरू गुंगीत राहू लागलं, तर सकाळची वाट बघू नका. बाटली सोबत घेऊन थेट सरकारी दवाखाना गाठा आणि कोणतं औषध, किती चमचे, कधीपासून दिलं ते डॉक्टरांना न लपवता सांगा.