हवामानबदल व राष्ट्रांचे दायित्व : व्हानुआटूची मागणी

हवामानबदलाने होणाऱ्या हानीची दाद लहान राष्ट्रांनी कोठे मागावी, हा प्रश्न २०१९ मध्ये पोर्ट व्हिला येथे दक्षिण पॅसिफिक विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी उपस्थित केला. व्हानुआटू सरकारने तो उचलून धरला. मार्च २०१५ मधील पाम चक्रीवादळात त्या द्वीपराष्ट्राचे झालेले नुकसान त्याच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पादनाच्या निम्म्याहून अधिक होते. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा सल्ला मागविला; २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने आपले मत दिले.

हे मत बंधनकारक नाही, एवढे सांगून पुष्कळजण विषय संपवितात. विधान खरे आहे, पण अपुरे आहे. राष्ट्रांचे कर्तव्य केवळ करारांतून उद्भवते असे मानले, तर करार सोडणारे राष्ट्र कर्तव्यातूनही मोकळे होईल. ही पळवाट न्यायालयाने बुजविली. पर्यावरणास लक्षणीय हानी पोहोचू न देण्याचे कर्तव्य रूढिजन्य कायद्यातही, म्हणजे राष्ट्रांच्या बंधनकारक मानल्या गेलेल्या व्यवहारातून सिद्ध झालेल्या कायद्यातही आहे; त्याचा भंग झाल्यास भरपाईचे दायित्व येऊ शकते.

अर्थात कोणाच्या धुराने कोणत्या बेटाची किती हानी झाली, हे दाखविणे सोपे नव्हे. न्यायालयाने ते अशक्य मानलेले नाही, इतकेच. पुढील दाव्यांची कसोटी येथेच लागेल.

द्वीपराष्ट्रांस तत्काळ उपयोगी पडणारा भाग निराळाच आहे. समुद्राची पातळी वाढली, तरी रीतसर जाहीर केलेल्या सागरी हद्दीच्या आधाररेषा बदलण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. मासेमारीचे हक्क या रेषांवरच अवलंबून असतात.