काचपट्टीवरची वाहती ऊती

संयोजी ऊती म्हटलं की कंडरा, कूर्चा, हाड डोळ्यांपुढे येतात. रक्तही त्याच कुळातलं. या कुळात पेशी एकमेकींना चिकटून बसत नाहीत, आधारद्रव्यात विखुरतात. रक्तात ते आधारद्रव्य म्हणजे पातळ प्लाझ्मा. तंतू मात्र दिसत नाहीत. रक्त गोठलं की फायब्रिनची जाळी उमटते.

भिलाईत ही ऊती पाहण्याला वेगळंच वजन आहे. छत्तीसगडात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार बराच आढळतो, शेजारच्या विदर्भातही. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलेल्या रुग्णाच्या रक्ताचा पातळ थर काचपट्टीवर ओढून रंगवला, की गोल तांबड्या पेशींमध्ये विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसतात. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1910 साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं.

खरी गंमत वाहकाची. एकाच पालकाकडून जनुक आलेल्याच्या काचपट्टीवर सगळं सहसा ठाकठीक दिसतं. म्हणून रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळून वर आच्छादन-काच ठेवतात. ऑक्सिजन निघून जातो, सदोष हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना जुळून लांब दोर होतात आणि पेशी वाकतात. मूळ चूक केवढी? बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, बस्स.

या चाचणीतून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे मात्र वेगळं कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचं इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावं लागतं. लग्न जुळवताना पत्रिकेआधी हा अहवाल मागावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते.