डिस्क तडकली? वेल्डिंग मारायच्या आधी हे वाचा

एक ट्रकवाले दादा दुकानात आले. चार महिन्यांपूर्वी घेतलेली डिस्क नटाच्या भोकापाशी तडकलेली. पण वाटेत त्यांनी वेल्डिंग मारून घेतलं होतं. कंपनीने क्लेम नाकारला, आणि मीही काही करू शकलो नाही. पुरावाच वेल्डिंगखाली गेला!

कंपनी बहुतेक वेळा तीन कारणं पुढे करते: ओव्हरलोड, सैल नट, बाहेरची दुरुस्ती. नट सैल राहिले तरी भोकापाशी तडा जातो, हे खरंच आहे. म्हणून चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरवर नट टॉर्क रेंचने परत तपासा, वहीत तारीख टाका. वजनकाट्याच्या पावत्याही जपा.

तडा दिसला की गाडी थांबवा, स्टेपनी लावा. मग डिस्कवरचे शिक्के, तडा आणि किलोमीटरचा आकडा, सगळ्याचे फोटो काढा. बिल जोडून लेखी तक्रार द्या. डिस्क तपासणीला दिली तर पोच घ्या. काउंटरवर ‘होणार नाही’ म्हणाले, तर कारण लेखी मागा.

तरीही अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे तक्रार २ वर्षांच्या आत करायची. मात्र २०१९ च्या कायद्यात धंद्यासाठी घेतलेला माल सहसा बसत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठीच गाडी ठेवणाऱ्याला सूट आहे. म्हणून ‘मीच मालक, मीच ड्रायव्हर’ असाल, तर तक्रारीत ते स्पष्ट लिहा.

दुकानदार मित्रांनो, बिलावर डिस्कचा नंबर टाकायची सवय लावा. भांडण निम्मं तिथेच मिटतं.